एका हाकेचे नाना

नानांना दोनदा हाक मारलेली चालत नसे. जुन्नरच्या बाजारात कुणी "नाना!" म्हटलं, की ते निम्मी वांगी पिशवीत आणि निम्मी तागडीत सोडून वळत, हाक मारणाऱ्यासमोर जाऊन उभे राहत आणि म्हणत, "आलो. बोला." पण तोच माणूस घाईघाईने "नाना, ओ नाना!" म्हणाला, की संपलं. नाना जागचे हलत नसत. मान वर करून, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "पहिल्या हाकेलाच मी निघालो व्हतो. दुसरी मारून तुमी माझ्यावर इश्वास नाय हे जाहीर केलं. आता जावा!"

घरीही तेच. आतून काकूंनी जेवायला हाक मारली, की नाना वाक्याच्या मधूनच उठून जात. एकदा ते मला अगदी गंभीरपणे सांगत होते, "पावणं, रस्त्यात अनोळखी कुत्रं अंगावर आलं ना, तर सगळ्यात आधी काय करायचं..." आणि आतून काकूंचा आवाज आला. नाना गेले. सगळ्यात आधी काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. अनोळखी कुत्रं दिसलं की मी आपला उभा राहतो आणि काकूंची आठवण काढतो.

नानांचा धंदा माईकचा. लग्न, जावळ, उद्घाटन, कुस्त्यांचा आखाडा, काहीही असो, जुन्नर तालुक्यात माईकवर बोलायला नाना. लग्नात त्यांना ऐकणं म्हणजे मेजवानी. एरवी "व्हतं" आणि "नाय" बोलणारा हा माणूस माईक हातात आला की एकदम रेशमी होऊन जाई. "वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती आहे. लग्नघटिका समीप आलेली आहे. तरी सर्वांनी कृपया मंडपात स्थानापन्न व्हावं." आणि वऱ्हाडी मंडळी कुठे असायची? लिंबाखाली, टोमॅटोचा भाव काढत. साडेबाराचा मुहूर्त असला तर ही घटिका साडेअकराला समीप यायची आणि दोन वाजेपर्यंत समीपच राहायची. नवरदेव अजून पारावर नाचतोय हे मंडळींना ठाऊक असायचं आणि नानांनाही. पण यजमानांचा आग्रह, म्हणून बोलावत राहायचं.

"उभं आयुष्य मी खोट्या हाका मारल्या, पावणं," असं ते मला नंतर म्हणाले. "खोट्या हाकंला माणूस येत न्हाई. मग मी म्हणायचो, लोकं बेशिस्त. लोकं कसली बेशिस्त? लोकं शानी. हाकच बेइमान."

फक्त एकच घोषणा अशी होती, की जी नानांना उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा करावी लागली नाही. "पंगत बसली आहे!" एवढं म्हटलं की लिंबाखालचे टोमॅटो तिथेच राहत, म्हातारे काठ्या विसरत, आणि मंडप भरे. कारण ती हाक खरी होती. जो आला, त्याला मिळालं. रिकाम्या पोटी कुणी परत गेलं नाही.

या एका शोधावर नानांनी साठी ओलांडल्यावर कुत्र्यांचा क्लास काढला.

आता आम्ही तिथे कसे पोचलो ते सांगतो. आमचं घर अवसरी खुर्दच्या अलीकडे, मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. आमच्याकडे एक गावठी कुत्रा होता. माझ्या बायकोने त्याला पिल्लू असताना पाटाच्या पाण्यातून काढून, बाटलीने दूध पाजून वाढवलेला. नाव कलेक्टर. हे नाव तिनेच ठेवलं होतं, कारण तो बोलावल्यावर कधीही येत नसे आणि न बोलावता कुठेही हजर होऊन पाहणी करून जात असे. मुंगूस दिसलं की उसात, मांजर दिसलं की उसात, पान हललं तरी उसात.

आणि ते दिवस म्हणजे बिबट्यांनी उसात घर केलेले दिवस. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि बिबट्याला एवढी मोठी हिरवीगार चाळ फुकटात मिळाली. आमच्या शेजारच्या मळ्यातलं कुत्रं ओट्यावरून गेलं. त्याच्या पलीकडच्याचं गोठ्यातून गेलं. माझा चुलतभाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, रोज सकाळी येऊन कलेक्टरकडे असा बघायचा, जणू तेराव्याचा खर्च काढतोय.

"वैनी, साखळीनं बांधा त्याला," दादा म्हणायचा. "नायतर तोडणी सुरू व्हायच्या आत गेलाच म्हणून समजा."

"कायम बांधूनच ठेवायचं तर म्हैस पाळली असती," बायको म्हणाली. "दूध तरी मिळालं असतं. हाक मारल्यावर परत येईल असा शिकवते मी त्याला."

दादा हसला. कुत्र्याला शिकवायचं? तेही गावठी? त्या हसण्यानेच ते ठरलं. माझ्या बायकोला हसलेलं खपत नाही.

मग आम्ही क्लास शोधायला निघालो. मोटरसायकलवर पुढे मी, मागे ही, आणि मधे कलेक्टर, पाहणी दौऱ्यावर निघाल्यासारखा.

पहिले एक पुण्याचे सर. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी विचारलं, "ब्रीड कोणती?" बायको म्हणाली, "अवसरी खुर्द." सरांनी हातातलं पेन खिशात ठेवलं. अशा कुत्र्यांना आज्ञा समजत नाहीत, असं ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले. तोवर कलेक्टरने त्यांच्या एका बुटाचा विषय मिटवला होता.

दुसरा हायवेच्या कडेला, एका ढाब्यामागे. हातात वेत. "कुत्रं ठेवून जावा. म्हैन्यानी न्या. पार मिल्ट्री!" त्याने चुटकी वाजवली आणि ओळीतली सगळी कुत्री धाडकन बसली. मी तर भारावूनच गेलो. बायको मात्र कुत्र्यांच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"तिकडं काय बघताय, ताई?" त्याने विचारलं.

"शेपट्या," ती म्हणाली. "सगळ्यांच्या पोटाखाली आहेत. तुम्ही डोकं खाजवायला हात वर केला तरी डोळे मिटतात. हे येतील तुमच्याकडे, पण सुटले तर पहिले पळतील ते तुमच्यापासूनच."

तिसरे नाना. जुन्नरबाहेर, शिवनेरी समोर दिसेल अशा जागी त्यांचं खळं होतं. दर रविवारी सकाळी तिथे क्लास भरे. आम्ही पोचलो तेव्हा कुत्री आंब्याखाली पसरली होती, काही एकमेकांचे कान चावत होती, आणि एक धिप्पाड पैलवान गडी खाली मान घालून उभा होता. नाना त्याला फैलावर घेत होते.

"किती वेळा बोलावलं?"

"चार, नाना."

"चार! आन् चौथ्यांदा आल्यावर काय केलं?"

"एक ठिवून दिली."

"वा! म्हंजी ते बिचारं आलं, म्हणून मारलं! तुमच्या सासऱ्यानं जेवायला बोलावलं, तुमी गेला, आन् उंबऱ्यातच त्यानं तुमच्या कानाखाली काढली. पुन्यांदा जाल का सासुरवाडीला?"

पैलवानाने जरा विचार केला. "बायकू म्हणली तर जावं लागंल," तो म्हणाला.

बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "हाच क्लास. इथे माणसांना बोलणी बसतायत आणि कुत्री मजेत आहेत."

एवढ्यात नानांचं लक्ष आमच्याकडे गेलं. माईक नव्हता, तरी त्यांनी मूठ तोंडाजवळ धरली. "आंबेगाव तालुक्याहून खास आपल्या क्लाससाठी पधारलेले माननीय..." त्यांनी कलेक्टरकडे बोट केलं. मी नाव सांगितलं. "माननीय कलेक्टरसाहेब यांचं मी सहर्ष स्वागत करतो!" आणि सफारीच्या खिशातून सुक्या बोंबलाचा तुकडा काढून साहेबांचा सत्कार केला. नानांच्या त्या खिशात कायम बोंबील असत. एसटीत त्यांच्या शेजारची सीट पार पुण्यापर्यंत रिकामी राहायची, आणि जुन्नरच्या गल्ल्यांमधून ते चालले की मागे मांजरांची वरात.

नानांच्या क्लासात "ये" चालत नसे. "ये" हा शब्द आपण मराठी माणसांनी पार वापरून वापरून गुळगुळीत केलाय, असं त्यांचं म्हणणं. ये म्हणून आपण आंघोळ घालतो, ये म्हणून बांधतो, ये म्हणून बडवतो. त्यांच्याकडे बोलावण्याचा शब्द एकच: "पंगत!" आणि त्या शब्दाचा कायदा कडक. एकदाच म्हणायचा. हसऱ्या आवाजात म्हणायचा. कुत्रं आलं की ताबडतोब वाढायचं, आणि वाढून झालं की लगेच पुन्हा मोकळं सोडायचं.

"सोडायचं?" मी विचारलं. "मग बोलावलं कशाला?"

"पावणं, आलं की दर वेळी बांधलं, तर पंगत म्हंजी खेळ संपला असं त्याला वाटनार. जेवलं, पुन्हा खेळलं, तर पुढल्या टायमाला पळत येतंय. आन् आंघोळ घालायची आसंल, तर तुमी सोता उठून जायचं त्याच्याकडं. पंगतीला बोलवून साबण लावायचा न्हाई!"

सुरुवात घरात, दोन पावलांवरून. मग अंगणात. मग बैलाचा लांब कासरा पट्ट्याला बांधून मोकळ्या रानात, म्हणजे कुत्र्याला वाटावं सुटलोय आणि आपल्याला वाटावं धरलंय. बायको एखादं व्रत घेतल्यासारखी मागे लागली. घरात मी हा शब्द उच्चारायचा नाही असा हुकूम निघाला. लग्नाची पत्रिका आली तरी आम्ही "ते जेवण" म्हणायचो. एकदा पाहुण्यांशी बोलताना माझ्या तोंडून शब्द गेला, मागच्या दाराने कलेक्टर तीरासारखा आला, आणि बायकोने माझ्या ताटातली मटणाची फोड उचलून त्याला दिली. "बोलावलंत ना? वाढा!" पाहुणे बघत राहिले. मी रस्सा प्यायलो.

मग लेण्याद्रीच्या पायथ्याशी पेपर झाला. तिथली माकडं म्हणजे कुत्र्यांच्या शिस्तीचा सत्यानाश. भक्तांच्या हातातले नारळ पळवणारी ती टोळी समोर दात विचकत असताना कलेक्टर कासऱ्याविना मोकळा, आणि बायकोने हाक दिली. तो माकडाच्या शेपटीपासून हातभर अंतरावरून वळला! नानांनी तिथल्या तिथे त्याला टॉवेल-टोपी केली. टोपी कानांवर बसेना, तेव्हा एका कानावर ठेवली. साहेब त्याच रुबाबात पायऱ्यांपर्यंत फिरून आले.

पण नानांच्या कीर्तीचा खरा दिवस वेगळाच. क्लासाच्या खळ्याला लागून असलेल्या मळ्यात लग्न होतं. माईकवर अर्थातच नाना. सकाळचा क्लास आटपून आम्ही सगळे जेवायला थांबलो, आणि कुत्री खळ्यावर आंब्याखाली, पैलवानाच्या देखरेखीत. पैलवान दहा मिनिटांत घोरायला लागला. इकडे नाना दीड तास लग्नघटिका समीप आणत होते. शेवटी एकदाचं लग्न लागलं. अक्षता पडल्या. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने नानांनी छाती भरून घेतली. आंब्याच्या शेंड्याला बांधलेल्या कर्ण्यांतून आवाज घुमला:

"पंगत बसली आहे!"

काय सांगू! लिंबाखालून माणसं उठली, आणि खळ्यावरून कुत्री. माणसं बांधावरून, कुत्री वांग्यांच्या सरीतून. शर्यतच लागली हो, आणि माणसं हरली. गावठी, अल्सेशियन, एक दिसायला लोकरीच्या गुंड्यासारखं पामेरियन, सगळे मंडपात शिरले आणि नानांसमोर येऊन बसले. शेपट्या मांडवाच्या सतरंजीवर धप धप आपटत होत्या. वाढप्याच्या हातातलं बुंदीचं घमेलं खाली आलं. नवरीच्या करवल्या खुर्च्यांवर चढल्या. नवरीचा बाप धोतर सावरत धावत आला.

"नाना! हाकला ही जनावरं!"

"हाकलू?" नाना म्हणाले, आणि माईक अजून चालू होता. "ह्यांना मी बोलावलंय. तुमच्या पाव्हण्यांना दीड तास बोलावतोय, एक तरी आला का? हे पहिल्या हाकंला आलेत. आता ह्यांना उपाशी धाडलं, तर पुन्यांदा ह्या तोंडानं कुनाला जेवायला बोलवू? वाढा!"

नवरीच्या बापाने वऱ्हाडाकडे पाहिलं. सगळं वऱ्हाड त्याचा निकाल ऐकायला उभं. पाव्हण्यांत कुणीतरी हसलं, मग सगळा मंडप हसला, आणि मंडपामागे पत्रावळी मांडल्या गेल्या. नाना स्वतः भात घेऊन फिरले. "सावकाश जेवा. आग्रह आहे. लोकरवाल्या मॅडमना अजून वाढा." पुढच्या रविवारी क्लासात जागा पुरेना. नवरीचा बाप स्वतः एक कुत्रं घेऊन आला.

मात्र त्या दिवसापासून नानांनी लग्नात ती घोषणा करणं सोडलं. तो शब्द त्यांनी माणसांकडून काढून घेतला आणि कुत्र्यांना देऊन टाकला. लग्नात म्हणायचे, "भोजनास प्रारंभ होत आहे." कुणाला काही कळायचं नाही. लोकं भाषण चालू आहे समजून बसून राहायची.

तोडणी सुरू झाली तेव्हा बायकोने नानांना आमच्या मळ्यात बोलावलं. "माकडांचा पेपर झाला, नाना. पण माझी काळजी उसाची आहे. तिथे उभं राहून एकदा बघा." एकदाच बोलावलं होतं, म्हणून नाना दुसऱ्याच सकाळी हजर. दारात चहा घेत बसले. कलेक्टर घरात कडी लावून ठेवलेला. मजुरांची टोळी ऊस तोडत आली होती, आणि घरासमोर उसाचा एक शेवटचा चौकोन तेवढा उभा राहिला होता. मजूर बायांची भाकरीची गाठोडी बांधावर.

एकदम कोयते थांबले. एक बाई उलट पावली मागे आली. तिने तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त बोट केलं. त्या चौकोनात मधोमध ऊस हलत होता, आणि वारा नव्हता.

खिडकीतून हे दिसलं तसा मी नीट बघायला म्हणून आतून दार उघडून बाहेर आलो, आणि माझ्या पायांमधून कलेक्टर सुटला. सरळ उसाकडे. कडेला थांबला, पाठीवरचे केस उभे, एकदा भुंकला, आणि आत घुसायला लागला. आधी डोकं गेलं, मग पाठ गेली. नुसती शेपटी दिसत होती.

मग जो कल्ला झाला! दादा बांधावर नाचायला लागला, "ए कलेक्टर! ए माघारी! ए! ए! ए!" मजूर ओरडायला लागले, मी ओरडायला लागलो. आमच्या ओरडण्याने त्याला आणखी चेव आला. त्याला वाटलं, आख्खं गाव आपल्या पाठीशी आहे! शेपटीही आत जायला लागली.

नानांनी कपबशी खाली ठेवली. चार ढांगांत दादाजवळ गेले आणि त्याच्या तोंडावर आपला पंजा दाबला. बोंबलाच्या वासाने दादाचे डोळे पांढरे झाले. दुसरा हात वर करून नाना माईकशिवाय गरजले, "शांतता राखावी!" एवढा मोठा कल्ला एका क्षणात थांबला. उसात काहीतरी गुरगुरल्याचा आवाज आला.

माझी बायको ओट्यावरून धावत नानांजवळ आली होती. ओठ पांढरे पडलेले.

"बोलव, पोरी," नाना हळूच म्हणाले. "एकदाच. आन् आवाजात भ्या नको. त्याला तिकडं बिबट्या दिसतोय. तुझ्याकडं लगीन दिसाया पायजे."

तिने डोळे मिटले. ही माझी बायको, जिला श्वास घेता येत नव्हता, तिने अशी हाक मारली, जणू तिच्याच लेकीचं लग्न लागलंय आणि बुंदी गरम आहे. "पंगत!" आणि हाक मारून तिने उसाकडे पाठ केली, आणि हसत हसत, साडी धरून घराकडे पळत सुटली.

शेपटी थांबली.

कुणी दुसरी हाक मारली नाही. माझ्या घशात ती आली होती, मी गिळली.

उसाची पाती सळसळली आणि कलेक्टर बाहेर आला! कान मागे, जीभ बाहेर, पोट जमिनीला लावून, बायकोच्या पावलांमागे असा सुटला की मधल्या पाटाला त्याचे पाय लागले नाहीत. आणि त्याच क्षणी चौकोनाच्या पलीकडच्या बाजूने पिवळंधमक काहीतरी उसळलं. बिबट्या! भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दोन उड्यांत बांध ओलांडून ओढ्याकडे गेला. मजूर ओरडले, बाया ओरडल्या, दादा तर टोपी उडवून नाचला.

"वाढ!" नाना ओरडत होते. "आधी वाढ त्याला!"

बायकोच्या हातात काहीच नव्हतं. तिने पदर झटकला, रिकामा. नानांनी खिसे उलटे केले. नेमके त्या दिवशी बोंबील चहाबरोबर काढून ओट्यावर ठेवले होते, ते मांजरांनी नेलेले. तेव्हा ती बोट दाखवणारी मजूर बाई धावली. तिने आपलं गाठोडं सोडलं आणि सुकटीची चटणी लावलेली भाकरी बायकोच्या हातात दिली. "घे माय, माझ्यातली वाढ."

बायको मटकन खाली बसली, एका हाताने कलेक्टरच्या गळ्याला मिठी आणि दुसऱ्या हाताने भाकरी भरवत, रडत आणि हसत. नाना ओढ्याकडे पाठ करून त्यांच्या शेजारी उकिडवे बसले होते, प्रत्येक घास मोजून बघावा तसे. आमचा सगळा जमाव ओढ्याकडे बोटं करत होता. दादा धापा टाकत आला.

"नाना! केवढा व्हता! पाहिला का न्हाई तुमी?"

नानांनी भाकरीचा पडलेला तुकडा उचलला, फुंकला आणि कलेक्टरपुढे धरला.

"न्हाई राव," ते म्हणाले. "त्याला कुठं आपुन बोलावलं व्हतं?"